शिक्षकाची परीक्षा आणि शिक्षकाची शिदोरी

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालाने महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षकांच्या जगात मोठी खळबळ उडाली. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी आहे अशा सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, अन्यथा त्यांना सेवेत राहता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. वीस-वीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिलेल्या माणसांना पुन्हा उमेदवारांच्या रांगेत उभे करणे न्याय्य आहे काय, असा सवाल शिक्षक संघटनांनी केला. उलट, ज्याच्या हाती मुलांचे भवितव्य सोपवायचे त्याची पात्रता तपासण्यात गैर ते काय, असे पालकांपैकी अनेकांना वाटले. दोन्ही बाजूंना आपापले बळ आहे आणि त्या वादाचा निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही.

तथापि या गदारोळात एक प्रश्न बाजूस पडला. शिक्षकाला काय येते हे तपासण्याची यंत्रणा आपण उभारली. पण त्याला जे येत नाही ते त्याने कोठे, केव्हा आणि कोणाच्या सोबतीने शिकावे, याची व्यवस्था आपण केली आहे काय? परीक्षा ही मोजपट्टी होय. मोजपट्टीने कापडाची लांबी कळते, कापड विणले जात नाही. सेवेच्या तीस-पस्तीस वर्षांत शिक्षकाची वाढ कशी व्हावी, रोजच्या तासाला उपयोगी पडेल असे साहित्य त्याला कोठून मिळावे, आणि त्याने स्वतः शोधून काढलेली युक्ती शेजारच्या शाळेपर्यंत कशी पोहोचावी, हा खरा प्रश्न आहे. तो अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे, कारण येथे वेळ, पैसा आणि मनुष्यबळ या तिन्हींचा विनियोग गुंतलेला आहे.

परंपरा आपलीच

शिक्षकाच्या व्यावसायिक वाढीची चर्चा निघाली की आपण परदेशातील नमुन्यांकडे पाहू लागतो. वस्तुतः या बाबतीत महाराष्ट्राजवळ स्वतःची शिदोरी आहे. शाळामास्तरांसाठी एक मासिक असावे ही कल्पना येथे एकोणिसाव्या शतकातच रुजली होती. कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर या पितापुत्रांच्या हातून 'शालापत्रक' निघत असे. त्यातील मजकुराची धार सरकारला मानवली नाही आणि १८७५ मध्ये ते बंद पडले. शिक्षकाने वाचावे, त्याहूनही लिहावे व वाद घालावा, ही अपेक्षा त्या काळी कोणाला अवाजवी वाटली नाही.

पुढे गिजुभाई बधेका यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि १९५७ पासून ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने वारली पाड्यावर परवडणारी नव्हती. तेव्हा या दोघींनी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या यांतून साधने घडविली. मूल शाळेत येत नाही म्हणून त्यांनी शाळाच मुलाच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. साधनाचे मोल त्याच्या किमतीवर नसून ते वापरणाऱ्याच्या समजुतीवर असते, हा धडा कोसबाडने दिला. दारिद्र्याचे कौतुक करण्याचा प्रश्न नाही; परंतु हाताशी असलेल्या वस्तूकडे शिक्षकाच्या नजरेने पाहण्याची ती शिकवण होती.

सातपुड्याच्या आसपास तर दोन प्रयोग आपल्या अगदी शेजारी झाले. जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९७० च्या दशकात ग्रामीण शाळांतील विज्ञान-अध्यापन सुधारण्याचे काम हाती घेतले. पर्वताच्या पलीकडे, मध्य प्रदेशात, होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झाला आणि पुढे संपूर्ण जिल्ह्यात पसरला. त्या कार्यक्रमाचे रहस्य केवळ प्रयोगपेटीत नव्हते. तेथील शिक्षक दर महिन्याला एकत्र जमत, कोणता प्रयोग वर्गात फसला हे मोकळेपणाने सांगत आणि त्यांच्यातलेच काही जण इतरांच्या शाळांत मदतीला जात. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांतून भूमितीचे आकार उभे करण्याची अरविंद गुप्ता यांची प्रसिद्ध युक्तीही याच वातावरणातली. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ मध्ये सरकारने एका निर्णयाने बंद केला. शिक्षकांची वाढ दशकांत होते, पण ती खुंटविण्यास एक कागद पुरतो, हेही त्यातून शिकण्यासारखे आहे.

संग्रामपूरकडे पाहू

सर्वसामान्य विधाने सोडून एका तालुक्याकडे पाहिले म्हणजे प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुका उत्तरेस सातपुड्याला टेकलेला आहे. अंबाबरवा अभयारण्य याच तालुक्यात आहे आणि ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. दक्षिणेकडे उतरत गेले की पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा लागतो. डोंगरातील आदिवासी वस्ती, मधला कापूस-तूर-सोयाबीनचा काळा पट्टा, संत्र्याच्या बागा आणि खाऱ्या विहिरींची गावे अशी तीन-चार जगे एवढ्याशा तालुक्यात नांदतात. एकच पाठ्यपुस्तक आणि एकच प्रशिक्षण या सर्वांना सारखेच लागू पडेल, असे मानणे कठीण आहे.

भाषेचा प्रश्न घ्या. संग्रामपूर आणि जळगाव जामोद या दोन तालुक्यांतील जामोद, सोनबर्डी, चालठाणा, वसाली, चिचारी अशा काही गावांत निहाली ही भाषा बोलली जाते. निहालीचे नाते जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी निर्विवादपणे जोडता आलेले नाही. कायपर या डच पंडिताने १९६२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. देशोदेशीच्या भाषाशास्त्रज्ञांना तिचे कुतूहल आहे. बोलणारे अवघे दोन-अडीच हजार असल्याने जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यांत मात्र तिला स्वतंत्र स्थान मिळत नाही. त्याच परिसरात कोरकू आहे, आणि बाजारात वऱ्हाडी मराठी. आपण ज्याला पाणी म्हणतो त्याला कोरकू मूल 'डा' म्हणते आणि निहाली मूल 'जोप्पो'. पहिलीच्या वर्गात 'पाणी' हा शब्द वाचायला लागणाऱ्या या मुलांना अक्षर आणि अर्थ अशा दोन गोष्टी एकाच वेळी शिकाव्या लागतात. त्यांच्या मंद गतीचा ठपका मुलांवर किंवा मास्तरांवर ठेवणे सोपे असते. पण त्या शिक्षकाच्या हाती शे-दोनशे रोजच्या शब्दांची त्रैभाषिक चित्रपट्टी आहे काय? नसल्यास ती कोणी करायची? पुण्यात बसून ती होणार नाही. ती गावातील आजीला शेजारी बसवून, त्या शाळेतील शिक्षकानेच करावी लागेल. आणि ती झाल्यावर शेजारच्या चार शाळांना तिची प्रत मिळावी, एवढी तरी व्यवस्था लागेल.

दुसरा प्रश्न बहुवर्ग अध्यापनाचा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या साठपर्यंत पट असलेल्या शाळेस दोन शिक्षक मिळतात. याचा अर्थ लहान गावातील शिक्षक एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळतो. आपली बहुतेक प्रशिक्षणे मात्र एक वर्ग, एक शिक्षक, एक विषय असे चित्र समोर ठेवून आखलेली असतात. पहिलीला अक्षरे गिरवायला लावून तिसरीला भागाकार आणि चौथीला परिसर शिकविणाऱ्या माणसाला स्वाध्यायपत्रे, जोडीने शिकण्याचे खेळ, मोठ्या मुलाने लहानाला शिकविण्याच्या पद्धती यांची गरज असते. ही कला पुस्तकापेक्षा तीच अडचण सोसणाऱ्या सहकाऱ्याकडून लवकर साधते.

तिसरी गोष्ट साधनांच्या विपुलतेची. खारपाणपट्ट्यातील विहिरीच्या पाण्याला साबणाचा फेस का येत नाही, ते पाणी ताटलीत उन्हात ठेवले तर तळाला काय उरते, नदीच्या पाण्याशी त्याची तुलना केली तर काय दिसते, हा विज्ञानाचा अख्खा धडा आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. तुऱ्हाटीच्या दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधल्या की दशक-एकक समजते. आईने दिवसभरात किती किलो कापूस वेचला आणि किलोमागे किती मजुरी मिळाली, हा गुणाकार मुलाला पाठ्यपुस्तकातील काल्पनिक फळवाल्यापेक्षा जवळचा वाटतो. संत्र्याची बाग व्यापाऱ्याला उक्ती दिली तर फायद्याची की स्वतः तोड करून विकली तर, हे गणित सातवीच्या वर्गात मांडले तर मुलांच्या घरचे वडीलधारेही कान देतील. असे धडे अनेक शिक्षक रोज घेत असतात. दुर्दैव असे की शिक्षकाची बदली झाली की त्याच्यासोबत तो धडाही जातो.

झीज आणि भरपाई

अर्थशास्त्रात शिक्षणाला मानवी भांडवलातील गुंतवणूक म्हणतात. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६१ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात ही कल्पना मांडली आणि १९७९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण भांडवल म्हटले की झीजही आली. कारखानदार यंत्रासाठी घसारा बाजूला काढतो. शेतकरी पीक घेतल्यावर जमिनीत शेणखत घालतो. शिक्षकाचे ज्ञान आणि उमेद मात्र पदविकेच्या दिवशी एकदाच भरायची आणि पुढे तीस वर्षे उपसत राहायची, असा आपला व्यवहार आहे. विहीर कितीही खोल असली तरी पुनर्भरणावाचून ती आटणारच.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा मोहीम आली, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. पुढे केंद्रशाळा व केंद्रप्रमुख अशी रचना उभी राहिली. 'निष्ठा' आणि 'दीक्षा' यांच्याद्वारे प्रशिक्षण मोबाइलवर आले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली. सांगाडा तयार आहे. उणीव आहे ती त्यात प्राण ओतण्याची.

या पन्नास तासांचा हिशेब सोपा आहे. आपल्याकडे केंद्र पातळीवर दर महिन्याला शिक्षण परिषद घेण्याची प्रथा आहे. शाळेचे सुमारे दहा महिने आणि प्रत्येक परिषदेचे पाच तास धरले तर बरोबर पन्नास तास होतात. म्हणजे नवी योजना, नवे नाव, नवा फलक यांची आवश्यकताच नाही. आवश्यकता आहे ती त्या पाच तासांत काय होते हे पाहण्याची. परिपत्रकांचे वाचन, माहितीचे तक्ते, ऑनलाइन नोंदींची आठवण आणि अखेरीस चहा यांत दिवस सरला, तर शिक्षक कोरडाच परत जातो. तोच दिवस एका शिक्षकाने घेतलेला प्रत्यक्ष पाठ, त्यावर सहकाऱ्यांची निर्भीड चर्चा, एका अडचणीचा शोध आणि एका साधनाची निर्मिती यांसाठी दिला, तर ती परिषद नावाला जागेल.

शंभर रुपयांमागे सत्तावन्न पैसे

आता पैशाचे पाहू. सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला अध्यापन साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळत. रक्कम लहान होती, तिचा विनियोग कधी कधी रंगीत कागद आणि थर्मोकोलपुरता होई, हेही खरे. पण ती शिक्षकाच्या निर्णयाची होती. तो स्वतंत्र मार्ग पुढे बंद झाला. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत शाळेला एकत्रित अनुदान मिळते. तिच्या निकषांनुसार ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये व ३१ ते १०० पटाच्या शाळेला २५,००० रुपये. यातूनच दुरुस्ती, वीजबिल, स्टेशनरी भागवायची आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. विजेचे बिल थकले की कनेक्शन तुटते. तराजू किंवा भिंग घेतले नाही तर कोणाचीही तक्रार येत नाही. साहजिकच साहित्य रांगेत शेवटी उभे राहते.

नियमित वेतनश्रेणीतील प्राथमिक शिक्षकाचे आरंभीचे मूळ वेतन २९,२०० रुपये आहे. भत्ते सोडून वर्षाला ३,५०,४०० रुपये. त्याला साहित्यासाठी वर्षाला २,००० रुपये द्यायचे ठरविले, तर मूळ वेतनाच्या शंभर रुपयांमागे सत्तावन्न पैसे पडतात. ज्या कामगाराला आपण एवढे वेतन देतो त्याच्या हातातील अवजारावर सत्तावन्न पैसे खर्चण्यास जो मालक कचरतो, त्याला काटकसरी म्हणायचे की अदूरदर्शी? आज अनेक शिक्षक पदरमोड करून साहित्य आणतात. त्यांचे कौतुक जरूर व्हावे. पण सार्वजनिक व्यवस्था खासगी त्यागावर उभारणे हे सरकारचे भूषण नव्हे.

तिसरा घटक वेळेचा. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाचा आठवडा पूर्वतयारीसह किमान ४५ तासांचा धरला आहे. 'पूर्वतयारीसह' हा शब्द कायद्यात आहे. वेळापत्रकात मात्र तो क्वचितच दिसतो. याच कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता अशैक्षणिक कामांना मनाई केली आहे. तरीही नोंदी, याद्या आणि छायाचित्रे पाठविण्याचा भार वाढतच असतो. अर्थशास्त्राच्या भाषेत यालाच संधिमूल्य म्हणतात: एक तक्ता भरण्यात गेलेला तास हा उद्याच्या पाठाच्या तयारीतून वजा झालेला तास असतो. ज्या कार्यालयाला तो तक्ता हवा असतो, त्याच्या हिशेबात हा खर्च कोठेच दिसत नाही. म्हणून तो निःसंकोचपणे केला जातो.

आक्षेपांचा विचार

शिक्षकांच्या हाती वेळ आणि पैसा दिला तर दोन्ही वाया जातील, असा आक्षेप घेतला जाईल. काही ठिकाणी तसे होईलही. कामचुकार माणसे प्रत्येक व्यवसायात असतात. परंतु अविश्वासावर आधारलेली व्यवस्था कामचुकाराला सुधारत नाही; ती फक्त कष्टाळूला थकविते. कामचुकार माणूस तक्ता बिनचूक भरून मोकळा होतो. सहकाऱ्यांसमोर पाठ घेण्याची पाळी आली म्हणजे मात्र त्याला तयारी करावीच लागते. समव्यवसायींची नजर ही निरीक्षकाच्या नजरेपेक्षा तीक्ष्ण असते.

दुसरा आक्षेप असा की, आता सर्व काही मोबाइलवर उपलब्ध असताना या जुन्या धर्तीच्या मेळाव्यांचे प्रयोजन काय? तंत्राचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळविला. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. पण ती कल्पना एका खेड्यातील शिक्षकाच्या डोक्यातून आली, वरून आलेल्या आदेशातून नव्हे. चित्रफीत पाहून पद्धत कळते. चौथ्या बाकावरच्या निहाली मुलाला ती का कळत नाही, हे मात्र चित्रफीत सांगू शकत नाही.

तिसरा इशारा आपल्याच अनुभवातून घ्यावा. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी अध्यापनाचा सुंदर पाठ घालून दिला. राज्यभरातून शिक्षक तो पाहण्यास गेले, आणि २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासननिर्णयामागे त्या कामाची प्रेरणा होती. परंतु चांगल्या कामाचे आदेशात रूपांतर झाले की त्याचे बाह्यरूप वेगाने पसरते. अनेक शाळांत फरशा रंगल्या, भिंती बोलक्या झाल्या. त्यांमागील विचार शिक्षकाने स्वतः पचविला होता तेथेच मुले बोलकी झाली. संग्रामपूरने कुमठ्याची नक्कल करावी असे मुळीच नाही. कुमठ्याच्या शिक्षकांना जी मोकळीक आणि जी सोबत लाभली, ती संग्रामपूरच्या शिक्षकांना लाभावी एवढेच म्हणणे आहे.

एवढे तरी व्हावे

यासाठी चार गोष्टी तालुका पातळीवरच करता येण्यासारख्या आहेत. पहिली, शिक्षण परिषदेची कार्यक्रमपत्रिका त्या केंद्रातील शिक्षकांनी ठरवावी आणि परिपत्रके आदल्या दिवशी मोबाइलवर पाठवावीत; परिषदेत त्यांचे वाचन होऊ नये. दुसरी, प्रत्येक केंद्रात एक पाठवही ठेवावी. कोणता पाठ कसा घेतला, काय साधले, कोठे फसला, हे शिक्षकाने आपल्या शब्दांत लिहावे आणि ती वही शाळांमधून फिरावी. बदलून येणाऱ्या शिक्षकाला पहिल्याच आठवड्यात ती वाचावयास मिळाली, तर त्याची दोन वर्षे वाचतील. तिसरी, शिक्षकागणिक २,००० रुपयांचा साहित्यनिधी जिल्हा परिषदेने आपल्या उत्पन्नातून द्यावा आणि त्याचा हिशेब पावत्यांच्या जुडग्याऐवजी परिषदेत साहित्य मांडून घ्यावा. चौथी, सातपुड्याकाठच्या शाळांसाठी निहाली व कोरकू भाषांतील शब्दपट्ट्या आणि गोष्टी तयार करण्याचे काम बुलढाण्याच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने तेथील शिक्षक आणि ग्रामस्थ यांच्या हाती सोपवावे व त्यांना त्याचे मानधन द्यावे.

महाविद्यालयांनीही हात झटकून चालणार नाही. शाळेतून येणारी मुले कच्ची आहेत, अशी तक्रार आम्ही अध्यापक मंडळी दर वर्षी करतो. तालुक्यातील महाविद्यालयाची प्रयोगशाळा आणि ग्रंथालय महिन्यातील एक शनिवार प्राथमिक शिक्षकांसाठी उघडे ठेवले, तर त्या तक्रारीला निदान नैतिक अधिकार प्राप्त होईल.

पात्रता परीक्षा होतील, निकाल लागतील, काही शिक्षक उत्तीर्ण होतील, काही होणार नाहीत. परंतु उत्तीर्ण झालेला शिक्षकही दुसऱ्या दिवशी त्याच दोन-तीन इयत्तांच्या वर्गात, त्याच रिकाम्या कपाटासमोर उभा राहणार आहे. त्या कपाटात काय असावे आणि त्या शिक्षकाच्या सोबतीला कोण असावे, याचा निर्णय कोणत्याही न्यायालयाने घ्यावयाचा नाही. तो जिल्हा परिषदेने, शिक्षण खात्याने आणि शिक्षक संघटनांनी घ्यावयाचा आहे. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी निदान एका तालुक्याने तो घेऊन दाखवावा. तो तालुका संग्रामपूर असावयास काय हरकत आहे?